जुन्या ट्रकचा हात नव्या ट्रकवर: या चुका टाळा

जुना मेकॅनिकल पंपाचा ट्रक बरा की नवा सेन्सरवाला, हा वाद दोन ड्रायव्हर भेटले की सुरू होतो. "जुनी गाडी पान्यावर चालते, नवीला लॅपटॉप लागतो" हे वाक्य त्यात हमखास येतं. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. जुनी गाडी पान्यावर दुरुस्त होते, कारण तिचं दुखणं डोळ्याला दिसतं आणि कानाला ऐकू येतं. त्या पान्याची गरजही तिला सतत पडते. नवी गाडी बराच काळ स्वतःच सांभाळून घेते आणि सांभाळणं अशक्य झालं की रस्त्यात ताकद काढून घेते. उभ्या पडलेल्या गाड्यांचं कारण शोधत गेलं की पुन्हा पुन्हा एकच सापडतं: एका पिढीचं इंजिन दुसऱ्या पिढीच्या सवयीने हाताळलेलं असतं.

नोझलचा नट सैल करून सिलिंडर शोधणे

ही चूक सगळ्यात आधी, कारण हिच्यात माणसाचा हात जातो.

जुन्या इंजिनात एखादा सिलिंडर मारत नसेल तर मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करतो. ज्याचा नट सोडल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. पद्धत अगदी बरोबर आहे. तिथे नोझल साधारण २०० ते २५० बारला उघडतो आणि सैल नटातून डिझेल थोडं उडतं, इतकंच.

नव्या गाडीच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, त्याच नटामागे १६०० ते २५०० बारचा दाब सतत उभा असतो. तिथून निघालेली डिझेलची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूंमध्ये पसरत जातं, काही तासांत हात सुजून काळानिळा पडतो आणि उशीर झाला तर बोट किंवा पंजा काढावा लागतो. असं झालं तर थेट रुग्णालय गाठा आणि "जास्त दाबाने डिझेल आत गेलं आहे" हे शब्द सांगा. नुसती मलमपट्टी करून परत येऊ नका.

नव्या इंजिनाचा मेलेला सिलिंडर स्कॅनरवरच्या कट-आउट टेस्टने शोधायचा. एकेक इंजेक्टर स्कॅनर बंद करतो, फरक कुठे पडत नाही ते आपण बघायचं. स्कॅनर नसेल तर थांबा, गाडी स्कॅनरपर्यंत न्या. सेल्फ मारूनही इंजिन पकडत नसेल तर आधी रेलचा दाब वाचा. बऱ्याच इंजिनांत तो २०० बारच्या आसपास गेल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. दाब चढत नसेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नचं (न वापरता परत जाणारं) डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन मोजा. एकाच बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त जमलं तर चोर सापडला. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला किमान दहा मिनिटं द्या.

हवा काढण्याचंही असंच. जुन्या गाडीने एअर धरली की फिल्टरचा बोल्ट, मग पंपाचा स्क्रू, मग नोझलचे नट हा क्रम ठरलेला. नवीत फक्त कमी दाबाच्या बाजूची हवा काढायची. हँड पंप कडक होईपर्यंत मारा, मग सेल्फ एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये दोन मिनिटं विसावा. बाकीची हवा इंजिन स्वतः रिटर्नमधून घालवतं.

इथे एक पोटचूक आहे आणि ती चांगले चांगले मिस्त्री करतात: नवा डिझेल फिल्टर बसवण्याआधी तो कॅनमधल्या डिझेलने भरणे. जुन्या पंपाला हे चालून जायचं. नव्या गाडीच्या शेवटच्या फिल्टरचं काम काही मायक्रॉनचा कण अडवणं आहे. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळल्या गेलेल्या बाजूला पडतं, म्हणजे कॅनच्या तळची घाण थेट हाय प्रेशर पंपात. फिल्टर कोरडा बसवा आणि हँड पंप मारा. दोनशे वेळा मारावा लागला तरी मारा. हात दुखतो म्हणून इंजेक्टर मारण्यात शहाणपण नाही.

डीपीएफचा दिवा "नंतर बघू"

अमेरिकेत २००७ पासून, युरोपात युरो ६ मुळे २०१४ पासून आणि भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या जड ट्रकला सायलेन्सरच्या जागी काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, आला. भरलेल्या गाडीने लांब पल्ला मारला की एग्झॉस्ट २५० ते ४०० अंशांपर्यंत तापतं आणि बरीच काजळी चालता चालता जळते. जी उरते ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल खर्चून फिल्टर ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापवते. यालाच रीजन म्हणतात. ते पूर्ण होऊ देणं एवढंच ड्रायव्हरचं काम, आणि नेमकं तेवढंच होत नाही.

घटनाक्रम इतका ठरलेला आहे की गाडी न बघता सांगता येतो. ट्रक जवळच्या फेऱ्यांना लागलेला असतो: लोडिंगच्या रांगेत तासन् तास आयडलिंग, मग थोडं अंतर, मग पुन्हा रांग. पिवळा दिवा लागतो. माल उतरवायच्या जागी एग्झॉस्ट गरम चालत नाही म्हणून ड्रायव्हर रीजन रोखायचं बटण दाबतो आणि ते दाबलेलंच राहतं. दिवा लुकलुकायला लागतो. मग उभ्या गाडीत रीजन सुरू करतात आणि वीस मिनिटांनी कोणीतरी "गाडी पुढे घे" म्हणतं. हँडब्रेक सुटतो, रीजन तुटतं. असं तीन-चारदा होतं.

ज्या इंजिनांत रीजनचं डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारलं जातं, त्यांत प्रत्येक अर्धवट रीजनमध्ये थोडं डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वर चढते आणि मालक खूश होतो, की गाडी ऑइल खात नाही. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचं बेअरिंग ढिलं होतं, टर्बो ऑइल एग्झॉस्टमध्ये सोडतो आणि फिल्टर ऑइलने भिजतो. ताकद कापली गेली की गाडी गॅरेजला येते. घाईतला मेकॅनिक स्कॅनर लावून जबरदस्तीचं रीजन देतो. काजळीने आणि ऑइलने गच्च भरलेला फिल्टर आत अनावर पेटतो आणि सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं. फिल्टर, टर्बो, ऑइल, नशीब वाईट असेल तर मेन बेअरिंगसुद्धा. यानंतर मालक सगळ्यांना सांगत सुटतो, की नव्या गाड्यांत दम नाही.

पिवळा दिवा पहिल्यांदा लागला की त्याच दिवशी भरलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून अर्धा-पाऊण तास चालवा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. उभ्या गाडीतलं रीजन साधारण २० ते ४५ मिनिटं घेतं. सुरू करण्याआधी टाकीत पाव टाकीहून जास्त डिझेल आहे ना बघा. एग्झॉस्टखाली वाळलेलं गवत, ताडपत्री, होजपाइप नको आणि ड्रायव्हरने गाडीपासून लांब जाऊ नये. रांगेत इंजिन बंद करा. पण भर लोडवर चढ चढून आल्यावर आधी तीन-चार मिनिटं आयडल द्या, म्हणजे टर्बो निवेल. ही टर्बोची सवय जुन्या गाडीची आहे आणि ती नवीलाही शंभर टक्के लागू आहे.

डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल बदला. काजळी जळते, राख जळत नाही, आणि राख येते ऑइलमधल्या रसायनांतून. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचंच ऑइल: सीके-४ किंवा ई६, ई९ अशा वर्गातलं, गाडीच्या पुस्तकात असेल ते. जुन्या गाडीच्या डब्यातलं "तेच तर आहे" म्हणून ओतलं तर फिल्टर वेळेआधी राखेने भरतो आणि मग कितीही रीजन दिलं तरी फरक पडत नाही, तो काढून मशिनवर साफ करावा लागतो. आणि फिल्टर वारंवार भरत असेल तर त्याच्या मागे लागू नका, त्याच्या आधीचं बघा: ठिबकणारा इंजेक्टर, टर्बोचं सील, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा).

पटापट होणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

गाडी बंद करून लगेच बॅटरीचा मेन स्विच काढणे. जुन्या गाडीत ही चांगली सवय होती. नवीत धूर साफ करायला एग्झॉस्टमध्ये युरियाचं पाणी फवारतात, आणि किल्ली काढल्यावर त्याचा पंप लाइन परत टाकीत ओढून रिकामी करत असतो. ते काही मिनिटं चालतं. आधीच वीज तोडली की युरिया नोझलमध्ये सुकतो, पांढरे खडे होतात आणि डोझर (युरिया फवारणारा भाग) जाम.

शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकणे. डीईएफमध्ये, म्हणजे गाडीसाठीच्या युरियाच्या पाण्यात, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असतं. शेतीच्या युरियातली अशुद्धी एग्झॉस्टमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटालिस्टवर बसते ती निघत नाही.

युरियाच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर किल्ली फिरवूसुद्धा नका. नुसत्या इग्निशनवर पंप जागा होऊ शकतो आणि डिझेल सगळ्या लाइनमध्ये फिरलं की रबरी सील फुगतात. टाकी उतरवून धुतली की निदान पुढचा खर्च वाचतो.

चेसिसवर वेल्डिंग करताना फक्त बॅटरीची एक वायर काढणे. दोन्ही टर्मिनल काढा, इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएसच्या ईसीयूचे (कंट्रोल युनिटचे) कनेक्टर सोडा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा. चिमटा बंपरला आणि वेल्ड मागच्या क्रॉसमेंबरला असेल तर करंट कोणत्या बेअरिंगमधून जाईल ते सांगता येत नाही.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासणे. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू गेला. मीटर लावा.

उतारावर न्यूट्रल

याला जुना-नवा भेद नाही, पण जुने हात हे जास्त करतात. गिअरमध्ये पाय सोडून गाडी उतरत असते तेव्हा इंजिनात डिझेल जातच नाही, जुन्या पंपाचा गव्हर्नरसुद्धा ते बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर राहायला डिझेल पितं आणि वर सगळं वजन ब्रेकवर येतं. म्हणजे डिझेलही जातं आणि ड्रमही तापतात. काही नव्या गाड्या सौम्य उतारावर स्वतःहून न्यूट्रल घेतात, ते वेग आणि उतार मोजून घेतात आणि वेग वाढला की परत गिअर टाकतात. त्याची नक्कल पायाने होत नाही. एएमटीच्या, म्हणजे गिअर आपोआप पडणाऱ्या, गाडीत चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवणाऱ्यांनी क्लचप्लेटचे पैसे बाजूला ठेवावेत.

उलट बाजूची चूक: जुन्या गाडीकडून नव्याची अपेक्षा

नव्या गाडीवर शिकलेले ड्रायव्हर दिवा लागायची वाट बघतात. जुनी गाडी दिवा लावत नाही.

ब्रेकच्या साध्या स्लॅक ॲडजस्टरला (लायनिंग आणि ड्रममधलं अंतर ठरवणाऱ्या भागाला) हाताने सेटिंग लागतं. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, लायनिंग ड्रमला टेकेपर्यंत आवळा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. नेहमीच्या टाइप-३० ब्रेक चेंबरचा (हवेने दांडा ढकलणाऱ्या डब्याचा) दांडा पूर्ण ब्रेकला दोन इंचांपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये. ऑटोमॅटिक स्लॅक असेल तर मात्र पाना लांब ठेवा. त्याचा दांडा जास्त येत असेल तर पिन, बुश किंवा एस-कॅम (लायनिंग ड्रमवर दाबणारा कॅम) झिजलेला आहे. आवळल्याने दुखणं झाकलं जातं आणि दोन दिवसांनी तसंच होतं.

हवेच्या टाक्यांचं पाणी जुन्या गाडीत रोज सोडा. नवीत ड्रायर असतो, तरी टाकीतून पाणी निघालं तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलं समजा, ऑइल निघालं तर कॉम्प्रेसर बघा.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालणारे अजूनही आहेत. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या, इंजिनात लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला बुडबुडे फुटत राहतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण काढतो. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस लायनरला सुईएवढं भोक पडतं आणि पाणी ऑइलमध्ये येतं. योग्य कूलंटमधली रसायनं लायनरवर थर धरतात आणि हे टाळतात.

पंपाचा स्क्रू वाढवून ताकद काढणाऱ्यांबद्दल काय बोलावं. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि भर लोडवर एग्झॉस्ट ७०० अंशांच्या पुढे गेलं की पिस्टनचा माथा वितळायला वेळ लागत नाही.

कोड पुसून बघणे

नव्या गाडीतला शेवटचा रोग. दिवा लागला की स्कॅनर लावायचा, कोड मिटवायचा आणि परत लागला तर ज्या सेन्सरचं नाव आलं तो बदलायचा. कोड पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीची नोंद) दोन्हींचा फोटो घ्या. त्या क्षणीचे आरपीएम, तापमान, व्होल्टेज पुसल्यावर परत मिळत नाहीत. मग सेन्सरच्या आधी त्याची वायर, कनेक्टरमधला गंज आणि चेसिसचा अर्थ तपासा. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरी १९ व्होल्टच्या खाली जात असेल तर एकाच वेळी पाच-सहा ठिकाणचे खोटे कोड येऊ शकतात. अशा वेळी आधी बॅटरीची टर्मिनलं घासा, बॅटऱ्या वेगवेगळ्या तपासा, इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं स्वच्छ करून आवळा, आणि मगच नव्या सेन्सरची ऑर्डर द्या.