नाक वर केलं की इंजिन बंद, शेवटी टाकीपाशी सुटलं
सेकंडहँड घेतलेला ४० साइजचा (०.४० घनइंच इंजिनचा) ग्लो ट्रेनर, म्हणजे ग्लो प्लगच्या इंजिनवर उडणारं, शिकण्यासाठीचं रिमोटचं मॉडेल विमान, जमिनीवर मस्त चालायचा पण फुल थ्रॉटलला नाक वर केलं की इंजिन लीन (इंधन कमी, हवा जास्त) होऊन बंद, आणि इंधनाच्या ट्यूबमधे नुसते बुडबुडे. टाकी थेट प्लायवुडवर टेकलेली, मग व्हायब्रेशनने आत ताकासारखा फेस होणारच ना! काढून सगळीकडून मऊ फोम गुंडाळला, घट्ट नाही हं, दाबून कोंबला तर फोमचा उपयोगच नाही. टाकीची मधली रेघ नीडल व्हॉल्व्हच्या (इंधन कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या) ५-१० मिमी खाली आणली. क्लंक (टाकीतल्या इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) मागच्या भिंतीला घासत नाही ना तेही बघा, विमान उलटं केलं की तो आत मोकळा पडला पाहिजे. मफलरची प्रेशर लाइन टाकीच्या व्हेंटला (हवेच्या नळीला) जोडली. आता उभं चढवलं तरी आवाज बदलत नाही. फायरवॉलच्या (इंजिन बसवतात त्या पुढच्या फळीच्या) भोकाला सिलिकॉन तेवढं लावायचं राहिलंय.