कार मेकॅनिक व्हायचंय? बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मुलांनी या चुका टाळाव्यात

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: "पोराला गॅरेजला लाव, चार वर्षांत तयार होतंय." गॅरेजात हात तयार होतो, हे खरंच आहे. पण हातात कागद येत नाही. आपल्या भागातल्या मुलाला कोल्हापूर, गोवा, हुबळी या तिन्ही बाजूंना काम मिळू शकतं, आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आधी प्रमाणपत्रच मागतात. म्हणून गॅरेजात जरूर जा, पण आयटीआयसोबत. आयटीआयऐवजी नको.

प्रवेश घेतानाच दोन चुका होतात. कारवर काम करायचं असेल तर 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. एक वर्ष वाचतं म्हणून बरेच जण 'मेकॅनिक डिझेल' घेतात. चिक्कोडी-संकेश्वरकडच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरचं काम करणार असाल तर तो ट्रेड चांगलाच आहे, पण पेट्रोल कारचं काम त्यात पुरेसं होत नाही. दुसरी चूक मान्यतेची. खाजगी संस्थेत फी भरण्याआधी त्या ट्रेडला डीजीटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची मान्यता (पूर्वी तिला एनसीव्हीटीची मान्यता म्हणत) आहे का, ते बघा. अशा मान्य ट्रेडचं प्रमाणपत्र देशभर चालतं. सीमेवरच्या मुलाला त्याची किंमत इतरांपेक्षा जास्त आहे, कारण त्याची नोकरी कुठल्या राज्यात लागेल हे आज सांगता येत नाही.

आयटीआय झाल्यावर विद्यावेतन कमी म्हणून अ‍ॅप्रेंटिसशिप सोडू नका. नव्या गाड्या, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आणि कंपनीची कामाची पद्धत तिथेच बघायला मिळते.

आता कामातल्या चुका. सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे तपासायच्या आधीच पार्ट बदलणं. चोर्ला घाट उतरून आलेल्या गाडीचं उदाहरण घ्या. गिऱ्हाईक सांगतं, ब्रेक पेडल स्पंजासारखं आत गेलं, थोड्या वेळाने आपोआप ठीक झालं. नवशिका लगेच मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलवर टाकणारा भाग) बदलायला काढतो. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलचा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक सतत दाबला की ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल आत जातं. गाडी थंड झाली की दोष दिसेनासा होतो. म्हणून आधी विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? पॅड बघा, गळती बघा. अशा गाडीचं बहुतेक वेळा ऑइल बदलून, हवा काढून काम होतं, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

स्टार्टर जड फिरतो तेव्हाही तेच होतं. लगेच नवी बॅटरी बसवली जाते. मल्टिमीटर घ्या. बंद गाडीत चांगल्या चार्ज असलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. तेवढे असतील तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावा, आणि सेल मारताना वाचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची वायर किंवा तिचा जोड खराब आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांत हा जोड गंजलेला असू शकतो, तिथे आधी हात घाला.

स्कॅनरने दिलेला कोड म्हणजे निदान नव्हे. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, एवढंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन यांतलं काय बिघडलंय ते तुम्हीच शोधायचं. कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा. कोड तिच्यासोबत सरकला तर दोष कॉइलचा.

इलेक्ट्रिक गाडीची नारिंगी केबल ही उच्च दाबाची असते. तिचं प्रशिक्षण घेतलेलं नसेल तर हात लावायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

भाषेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सीमाप्रश्नावर आपली भूमिका ठाम असू दे, मराठीचा अभिमान असू दे. पण बेळगावच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक, सुपरवायझर यांच्याशी बऱ्याचदा कन्नडमध्ये बोलावं लागतं, आणि वायरिंगचा आराखडा इंग्रजीत असतो. कर्नाटकच्या सरकारी नोकरीतही कन्नड लागतंच. दोन्ही भाषा कामापुरत्या शिका, त्याने आपलं काही कमी होत नाही.

स्वतःचं गॅरेज काढायची घाई करू नका. आधी चांगला पाना-सेट, मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळता येणारा पाना) घ्या. अॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडचे बोल्ट अंदाजाने आवळले तर हेड वाकू शकतं, आणि तो खर्च गिऱ्हाईक तुमच्याकडूनच घेणार.