अमायलॉइडोसिसमध्ये पीटी लांबला? या चुका टाळा

पीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लांबला की अनेकांचा हात आपोआप व्हिटॅमिन केकडे जातो. एएल अमायलॉइडोसिसमध्ये, म्हणजे अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशींच्या प्रथिनाचे तंतू अवयवांत साचतात त्या आजारात, ही सवय नडते. प्रसंग ठरलेला: उद्या बायोप्सी, आज संध्याकाळी पीटी आणि एपीटीटी (गोठण्याचीच दुसरी चाचणी) दोन्ही लांबलेले. 10 मिलिग्रॅम व्हिटॅमिन के दिलं, सकाळी पीटी तिथंच. मग प्लाझ्माच्या (रक्तातल्या पेशीविरहित द्रवाच्या) चार पिशव्या. आकडा जरा उतरतो, सगळे निर्धास्त होतात, आणि सुई टोचेपर्यंत तो परत जागेवर! पदरात काय पडलं, तर आधीच ताठरलेल्या हृदयावर जवळपास लिटरभर द्रवाचा बोजा.

मूळ दोष बहुधा फॅक्टर दहाचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचा असतो. तो यकृतात नीट तयार होतो, पण प्लीहा आणि यकृतात साचलेले अमायलॉइडचे तंतू त्याला रक्तातून ओढून घेतात. बाहेरून दिलेलाही तिथंच चिकटतो. मिक्सिंग स्टडीत (रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात मिसळून केलेल्या चाचणीत) पीटी सुधारतो, कारण टेस्ट ट्यूबमध्ये तंतू नसतात. त्यावरून ‘प्लाझ्मानं भागेल’ असं ठरवू नका.

आधी फॅक्टर दोन, पाच, सात आणि दहा वेगवेगळे मोजा. एकटा दहा खाली असेल तर व्हिटॅमिन केला आणि यकृताला दोष देणं थांबवा. 368 रुग्णांच्या एका अभ्यासात 32 जणांचा फॅक्टर दहा 50 टक्क्यांखाली होता. 25 टक्क्यांखालच्यांत रक्तस्राव जास्त आणि गंभीर. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (गोठवणाऱ्या फॅक्टरांचं संहत औषध) द्यायचंच तर प्रक्रियेच्या तोंडावर, गुठळीचा धोका लक्षात घेऊन. खरा इलाज प्लाझ्मा पेशींवरचा, त्याला वेळ लागतो.

थ्रॉम्बिन टाइम (गोठण्याचा शेवटचा टप्पा मोजणारी चाचणी) लांबला तर लगेच हेपरिनवर, या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर, खापर फोडू नका. रेप्टिलेज टाइमही (तशीच चाचणी, पण हेपरिनचा परिणाम न होणारी) लांबलेला असेल तर गडबड फायब्रिनोजेनची, म्हणजे ज्यापासून गुठळीचं जाळं बनतं त्या प्रथिनाची, किंवा त्याचं जाळं बनण्याची आहे.

निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. अर्धवट ट्यूबवर पुढचा सगळा तर्क वाया.

उलट चूकही तितकीच महागात पडते: ‘रिपोर्ट नॉर्मल, करा बायोप्सी.’ पीटीला रक्तवाहिनीची भिंत दिसत नाही. अमायलॉइडनं ठिसूळ झालेली भिंत जोरात खोकल्यावरही फुटते आणि पापण्या जांभळ्या होतात. म्हणून आधी पापण्या बघा, दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिलं ते विचारा. शक्य असेल तिथं यकृताऐवजी पोटाच्या चरबीतून नमुना घ्या.

आणि पीटी लांबलाय म्हणून गुठळी होणार नाही, असं धरून चालू नका. नेफ्रोटिक (मूत्रपिंडातून प्रथिनं गळणाऱ्या) रुग्णाच्या लघवीतून गुठळी रोखणारं अँटिथ्रॉम्बिन वाहून जातं. हृदयात अमायलॉइड असेल तर ठोका नियमित असतानाही एट्रियममध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) गुठळी सापडते. कार्डिओव्हर्जनआधी (ठोका नियमित करण्याच्या उपचाराआधी) अन्ननलिकेतून इको करा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तरी.