वासाची भूल: टेबलावर येण्याआधी मला काय काय सांगायचं

"मॅडमजी, क्लोरोफॉर्म सुंगवता का?" यवतमाळहून पांढरकवडा, वणी, घाटंजी असं फिरून भूल देणं हे माझं काम आणि हा प्रश्न मला अजून विचारला जातो. नाही, आजी. क्लोरोफॉर्म कधीचंच मागे पडलं, कारण त्यानं चांगल्या धडधाकट माणसाचं हृदय अचानक बंद पडायचं. निजामाच्या पैशानं हैदराबादेत 1888 आणि 1889 साली यावर दोन आयोग बसले होते. क्लोरोफॉर्मचा हृदयाला थेट धोका नाही, श्वासाकडे लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं. हृदयाबद्दलचं म्हणणं पुढे चूक निघालं. श्वासाचं मात्र आजही तितकंच खरं आहे.

आता आम्ही सेवोफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन वापरतो. दोन्ही बाटलीत असतात तेव्हा पाण्यासारखी पातळ असतात, पण पेट्रोलचं झाकण उघडं राहिलं की जसं उडून जातं तशी उडतात. मशीनवर व्हेपोरायझर नावाचा डबा असतो, सेवोचा पिवळ्या खुणेचा आणि आयसोचा जांभळ्या. ऑक्सिजन त्यातून जाताना ठरलेल्या टक्क्यानं वाफ सोबत घेतो. चाळिशीतल्या माणसाला नुसत्या सेवोवर ठेवायचं तर साधारण 2 टक्के लागतात, लहान बाळाला जास्त, म्हाताऱ्याला कमी. या 2 टक्क्यांवर चिरा दिला तर निम्मी माणसं हलत नाहीत, निम्मी हलतात. म्हणून सोबत दुखणं कमी करणारी औषधं द्यावीच लागतात.

वाफ फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. मेंदूच्या पेशींना शांत करणारे जे संदेश असतात त्यांचा जोर ती वाढवते, तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर तिचा परिणाम झाला की शरीर हलत नाही. नेमकं कुठे काय घडतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. व्हेपोरायझर बंद केला की वाफ आली त्याच वाटेनं, श्वासावाटे, परत जाते. सेवोचा थोडासाच भाग यकृताला निपटावा लागतो.

इथवर सगळं छान. अडचण अशी की ही वाफ झोप आणताना ठसकाही बंद करते, गिळणं बंद करते, श्वास उथळ करते आणि रक्तदाब खाली आणते. ऑपरेशनआधी मी जे प्रश्न विचारते ते सगळे यातूनच निघतात.

पोट

"काईच नाई खाल्लं जी त्यानं. फक्त दूध पेला." हे वाक्य ऐकलं की मी हातमोजे काढून ठेवते. गाईम्हशीचं दूध म्हणजे जेवणच. भुलीत पोटातलं वर आलं आणि ठसका नसल्यानं फुप्फुसात गेलं, तर माणूस दगावू शकतो. वरण-भात, पोळी, दूध, दुधाचा चहा, बिस्कीट यांच्यानंतर 6 तास थांबा. मटण, भजी, तळलेलं असेल तर 8 तास. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला 4 तास. साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं आणि मे महिन्यात ते द्याच. रात्री आठपासून पाण्याचा थेंब न देता सकाळी अकराला सुकलेलं लेकरू आणतात, त्याची शीर सापडत नाही आणि वाफ दिली की त्याचा रक्तदाब जास्त घसरतो. पण पोटात गाठ, आतडं अडकणं किंवा अपघात असेल तर तास मोजू नका, कारण तेव्हा पोट भरलेलंच धरायचं असतं.

धीर यावा म्हणून ऑपरेशनआधी कुणी मोहाची पाजत असेल तर हात जोडून सांगते, पाजू नका. रोज घेणारा असेल तर किती घेतो ते मला खरं सांगा. त्याला वाफ जास्त लागते आणि दोन दिवस न मिळाल्यावर तो वॉर्डात थरथरायला लागतो.

तोंड

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. यावर मी लिहायला बसले तर थांबणार नाही. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी कडक होते आणि तोंड उघडेनासं होतं. माणूस झोपल्यावर श्वासनलिकेत नळी टाकायची असते. तोंडच उघडलं नाही तर ती टाकणार कुठून? घरी आरशासमोर बघा: तुमची स्वतःची तीन बोटं, एकावर एक अशी उभी, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये बसतात का? दोनच बसली तर तारीख ठरण्याआधी भूलतज्ज्ञाला भेटा, ऑपरेशनच्या सकाळी नको. असा पेशंट मी तालुक्याला करत नाही, दुर्बिणीची सोय आहे तिथे पाठवते. नातेवाईक चिडतात, चिडू द्या. हलणारा दात असेल तर तोही दाखवा. आणि त्या दिवशी खर्रा नाही म्हणजे नाही.

रक्त

आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आहे आणि कित्येकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं. ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडलं, अंग गार पडलं की या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसा तुंबतात. ऑपरेशन थिएटरमध्ये हे तिन्ही घडू शकतं. सोल्युबिलिटीची साधी तपासणी आधी करून घ्या, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी. नुसता वाहक असलेल्याला सहसा काही होत नाही, पण सिकलसेलचं कार्ड आणा. मग मी सलाइन लवकर सुरू करते, अंगावर पांघरूण ठेवते आणि नंतरही ऑक्सिजन चालू ठेवते.

फवारणी

हा प्रश्न विचारला की लोक माझ्याकडे बघतच राहतात. "ऑपरेशन हर्नियाचं आहे मॅडमजी, फवारणीचं काय?" 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उद्ध्वस्त झाली ते आपण पाहिलं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधं रक्तातलं एक विकर (एन्झाइम) मारतात. नळी टाकण्यासाठी स्नायू ढिले करणारं सक्सिनिलकोलिन नावाचं इंजेक्शन लागतं, त्या इंजेक्शनाला शरीरात हेच विकर मोडतं. एरवी ते काही मिनिटांत उतरतं. विकर नसेल तर माणूस तासन्‌तास स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. कपाशीवर शेवटचं कधी मारलं, मळमळ झाली होती का, एवढं सांगा. मला दुसरं इंजेक्शन निवडता येतं.

घराणं

आईकडचं, वडिलांकडचं कुणी भुलीत अचानक तापून, अंग ताठ होऊन गेलं का? फार दुर्मीळ आजार आहे, पण वंशात असतो. अशा माणसाला सेवो, आयसो दिलं तर स्नायू पेटल्यासारखे तापतात. त्यावर डॅन्ट्रोलिन हे औषध आहे, पण ते तालुक्याला मिळेल असं धरून चालू नका. आधी कळलं तर वाफ न वापरता नुसत्या शिरेतल्या औषधांवर भूल देता येते. मागच्या भुलीनंतर कावीळ झाली असेल तर तेही सांगा. जुन्या हॅलोथेननं क्वचित तसं व्हायचं.

लेकराला सर्दी, घरघर, ताप असेल तर ऑपरेशन निदान दोन आठवडे पुढे ढकला. चिडलेला घसा भुलीत एकदम आवळतो आणि हवा जात नाही.

दवाखान्यालाही विचारायचं असतं. भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत थांबणार ना? बोटाला ऑक्सिमीटर असतोच, पण बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ आहे का? लाईन गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो का? विचारल्यावर कुणी रागावलं तर दुसरा दवाखाना बघा.

लहान मुलांना मी मास्कनं सेवो देते, त्याचा वास उग्र नसतो. झोपताना मूल हातपाय झाडतं, डोळे फिरवतं. आईनं घाबरू नये, ती एक पायरी असते. जागं होतानाही काही मुलं ओळख नसल्यासारखी किंचाळतात. जवळ घ्या, थोड्या वेळानं निवतात. मोठ्यांना मळमळ होते, म्हणून आधी घोटभर पाणी, मग चहा. बाळंतीण पूर्ण शुद्धीवर आली की बाळाला पाजू शकते.

24 तास गाडी, ट्रॅक्टर नाही, दारू नाही, जमिनीच्या कागदावर सही नाही आणि रात्रीची लाईन आली म्हणून मोटर सुरू करायला विहिरीवर जाणं नाही. दम लागला, लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखाना गाठा. सुट्टी होताना कोणती भूल दिली, नळी टाकायला त्रास झाला का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा आणि ते आधार कार्डाच्याच पिशवीत ठेवा.