मुलांचे फोटो काढताना या चुका टाळा

लहान मूल फोटोसाठी जेमतेम पाच-सात मिनिटं मन लावून उभं राहतं. ती मिनिटं जागा शोधण्यात आणि सेटिंग चाळण्यात गेली, की कंटाळलेल्या चेहऱ्याचेच फोटो मिळतात. म्हणून आधी उजेड बघा, मग कॅमेरा लावा आणि शेवटी मुलाला हाक मारा.

सोलापुरात सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते उन्हामुळे. किल्ल्याच्या बागेत किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठी भर दुपारी फोटो काढला, तर डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते, शिवाय मूल डोळे मिचकावतं. मावळतीआधीचा पाऊण तास धरा. मे महिन्यात सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, संक्रांतीच्या सुमारास सहा-सव्वासहाला. दुपारीच काढायचा असेल तर विरळ झाडाखाली नको, चेहऱ्यावर कवडसे पडतात. भिंतीची किंवा इमारतीची अखंड सावली शोधा.

घरात तर दारच पुरतं. उंबरठ्यापासून दोन-तीन फूट आत मुलाला बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे ठेवा आणि घरातले दिवे बंद करा, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळून त्वचा पिवळी किंवा हिरवट दिसते. चेहऱ्याची एक बाजू काळवंडत असेल तर त्या बाजूला दीड-दोन फुटांवर कुणाला तरी पांढरा टॉवेल ताणून धरायला सांगा. टॉवेलला आपल्या गावात तोटा नाही, आणि विकतच्या रिफ्लेक्टरचं काम तो चोख करतो. लाल चादरीवर मात्र बसवू नका. हनुवटीखाली लाल झाक येते आणि नक्षी चेहऱ्यावर मात करते.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा पारंपरिक अंगरखा) घातलेल्या मुलांचे चेहरे फोटोत हमखास काळे येतात. समोर एवढा पांढरा रंग दिसला की कॅमेरा आपणहून उजेड कमी करतो. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ ते +१ करा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. हे सावलीतच करा, थेट उन्हात बाराबंदीवरच्या घड्या पांढऱ्याफटक होऊन पुसल्या जातात.

हललेला फोटो ही पुढची तक्रार. बसलेल्या मुलासाठी शटरचा वेग १/२५० सेकंद आणि पळणाऱ्यासाठी किमान १/५०० हवा. त्यापायी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० वर गेला तरी जाऊ द्या. फोटोत बारीक दाणे दिसले तरी चालतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. मोबाइलमध्ये नाइट मोड बंद करून जास्त उजेडात या. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ १.८ इतकं मोठं ठेवून जवळून काढलं तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. एफ २.८ ते ४ ठेवा, फोकस जवळच्या डोळ्यावर.

उभ्यानं वरून फोटो काढू नका, डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. गुडघे टेकून कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मोबाइल तोंडाशी नेला तर नाक फुगतं. पाच फूट मागे सरका आणि २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, वापरा.

‘हस की रे’ म्हटलं की दात दिसतात, हसू येत नाही. हाताला काम द्या. पाच वर्षांपुढच्या मुलापुढे भुईमुगाच्या शेंगा सोलायला ठेवा. शेंग फुटत नाही तेव्हाच्या आठ्या आणि फुटल्यावर वर बघणारे डोळे, दोन्ही टिपण्यासारखे असतात. तेव्हा बर्स्ट (एकापाठोपाठ झटपट अनेक फोटो) चालू ठेवा, आणि मुलामागे उभं राहून सूचना देणाऱ्या आजी-काकूंना तुमच्या बाजूला बोलवा, म्हणजे नजर कॅमेऱ्याकडेच राहील.

प्रिंटसाठी फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि मोठ्या प्रिंटमध्ये पापण्यांचे केस एकमेकांत मिसळतात.