कॅलिफोर्नियात काउंटी रोडच्या कडेला गाडी कशी लावायची

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की बे एरियातली (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची) आपली बरीच मंडळी सफरचंदांसाठी अ‍ॅपल हिलच्या बागांकडे निघतात, उन्हाळा सुरू होताना ब्रेंटवूडच्या बागांत चेरी तोडायला, आणि बागेचं पार्किंग भरलेलं दिसलं की शहराबाहेरच्या काउंटी रोडच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कडेला गाडी लावून मोकळे. मीटर नाही, लाल कर्ब (गाडी लावायला मनाई असलेली रस्त्याची उंच, रंगवलेली कड) नाही, बोर्डही नाही, म्हणजे कुठेही लावा असं वाटतं. पण तसं नाहीये.

सगळ्यात आधी मॅपवर बघा, आपण एखाद्या सिटीच्या हद्दीत आहोत का. नसलो आणि रस्त्याला कर्बही नसेल तर स्टेटच्या व्हेइकल कोडचं कलम २२५०४ लागतं. बाजूला उतरायला जागा असेल तर गाड्या धावतात त्या भागावर थांबायचंच नाही. पांढऱ्या रेघेच्या आत दोन चाकं ठेवून 'पाचच मिनिटं' हे चालत नाही, चारही चाकं बाहेर घ्या.

मग पुढेमागे बघा. आपली गाडी दोन्ही बाजूंनी २०० फुटांवरून स्पष्ट दिसली पाहिजे, म्हणजे साधारण तेरा गाड्या एकामागे एक लावल्यावर होईल एवढं अंतर. वळणावर किंवा चढ संपतो तिथे हे जमतच नाही, तिथून पुढे निघा. समोरून दुसऱ्या गाड्या जायला वाट मोकळी राहायला हवी, आणि आपल्या गाडीचं तोंड वाहतुकीच्या दिशेलाच हवं, पलीकडच्या कडेला उलटी लावायची नाही.

शेताचं गेट बंद आहे, साखळी लावलीय, म्हणून त्याच्यासमोर लावू नका प्लीज. ट्रॅक्टर तिथूनच बाहेर येतो आणि आग लागली तर बंबही तिथूनच आत जातो. फायर हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) गवतात लपलेला असतो, त्याच्यापासून १५ फूट लांब. रेल्वेचा रूळ असेल तर साडेसात फूट.

आणि सुकलेलं गवत! मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. लांबून आल्यावर गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग) इतका तापलेला असतो की गुडघाभर वाळक्या गवतात गाडी उभी केली की ते पेटू शकतं, आणि तिकडे पावसाळा हिवाळ्यात असल्यामुळे सप्टेंबरपर्यंत सगळं डोंगरगवत पिवळं खडखडीत झालेलं असतं. त्यामुळे मोकळी माती किंवा खडी दिसेल तिथेच गाडी उतरवा, पाच मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल, सोबत आईबाबा असतील तर त्यांना आधी बागेच्या दारात सोडा.

गाडी बंद पडली आणि हलवताच येत नसेल तर कायद्यात सूट आहे, पण हॅझर्ड लाइट लावा आणि लगेच टोइंगला फोन करा. मुक्कामाला गाडी ठेवायची असेल तर त्या काउंटीचा नियम आधी बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी ७२ तासांनंतर उचलून नेतात.

यातलं काहीच जमत नसेल तर ती बाग सोडा आणि पुढची गाठा, अ‍ॅपल हिलला बागांना तोटा नाही.