डोंगराखालची शेती: दरडीची माहिती कुठे बघावी आणि कशी वाचावी

माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). तिन्ही दरडी जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनभर पाऊस पिऊन मातीचा थर जड झालेला असतो, खालच्या घट्ट कातळात पाणी फारसे शिरत नाही, आणि जुलैतली एखादी मोठी झड तो थर कातळावरून सुटायला पुरेशी होते. मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात याच दिवसांत आवणी (भातलावणी) उरकत येते आणि वरकसावर, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर, नाचणी-वरईची लावणी चालते, म्हणजे माणसे उतारावरच असतात.

मोबाईलवर पहिल्यांदा बघावा तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावरचा भूस्खलन-प्रवणता नकाशा. त्यात उतारांचे उच्च, मध्यम आणि कमी असे वर्ग केले आहेत. हा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, त्यामुळे अख्खा पाडा दोन-तीन मिलिमीटरमध्ये मावतो. आपले घर ‘कमी’ वर्गात दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. दरड कुठे सुटू शकते हे हा नकाशा सांगतो. सुटलेला राडारोडा किती खाली येईल हे सांगत नाही. घराच्या जागेपेक्षा घराच्या वरचा उतार आणि त्यावरून उतरणारे ओहोळ तपासा.

उतार किती तीव्र आहे हे संगणकावरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये काढता येते. कड्यापासून घरापर्यंत रेघ आखून जतन करा आणि तिचा उंचीचा आलेख उघडा. १०० मीटर आडव्या अंतरात ५० मीटर चढ म्हणजे साधारण २७ अंश. जुनी उपग्रह चित्रेही तिथेच दिसतात. उतारावर झाडी कधी तुटली, रस्ता कधी कापला, हे वर्षावर्षाने बघून घ्या. मात्र जेसीबीने कापलेली दोन-तीन मीटरची उभी भिंत या आलेखात दिसत नाही, ती जागेवर जाऊनच बघावी लागते.

पावसासाठी हवामान खात्याचे ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही ॲप घ्या. मेघदूतवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत येतो. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिमी अतिमुसळधार, आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. पण किती मिलिमीटरला दरड सुटते असा सगळ्या डोंगरांना लागू पडणारा एकच आकडा नाही. एका दिवसाच्या पावसापेक्षा सलग तीन दिवसांची बेरीज बघावी. कृषी विभागाच्या ‘महारेन’वर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. तरीही मंडळाचे पर्जन्यमापक गावात असते आणि कड्याजवळ पाऊस बऱ्याचदा जास्त पडतो, म्हणून घरी स्वतः मोजावा. तळ आणि तोंड सारख्या रुंदीचा सरळ डबा अंगणात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. डब्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. निमुळत्या बाटलीत मोजले तर आकडा चुकतो.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूस्खलन’ ॲपही आहे. त्यांचे रोजचे दरड-पूर्वानुमान २०२४ मध्ये दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून सुरू झाले. आपला भाग त्यात आहे का ते तपासा. ॲपवर इशारा आला नाही याचा अर्थ धोका नाही असा लावू नका.

आता शेतावरचे काम. वरच्या बांधावर किंवा उतारावर आडवी भेग दिसली, तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि मधले अंतर टेपने सकाळ-संध्याकाळ मोजा. पाऊस उघडलेला असेल तेव्हाच भेगेत चिकणमाती ठोकून भरा, वर ताडपत्री अंथरा, आणि वरून येणारे पाणी चर काढून बाजूच्या नैसर्गिक ओहोळात सोडा. भर पावसात या कामाला कोणी वर जायचे नाही. घराच्या वरच्या खाचरात पाणी तुंबवू नका, सांडवा खाली घ्या. भेग असलेल्या उतारावर पाणी मुरवायचे नवे चर खणू नका, तिथे मुरलेले पाणीच माती ढकलते.

अंतर वाढत असेल, झाडे किंवा खांब कलायला लागले, ओहोळाचे पाणी एकदम गढूळ झाले किंवा पाऊस चालू असताना अचानक आटले, तर खुंट्या मोजत बसू नका. गुरांची दावी सोडा, घरच्यांना घेऊन ओहोळाची वाट टाळून उताराला आडवे, दरडीच्या वाटेपासून बाजूला निघा, आणि १०७७ वर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवा. इर्शाळवाडीची दरड रात्री आली होती, म्हणून लाल इशाऱ्याच्या दिवशी हे स्थलांतर उजेड असतानाच करा.